गोंदियाहून रात्री छोटं विमान घेऊन निघायचं, तर आधी काय काय बघावं लागतं?

गोंदिया शहराच्या जवळ, कामठा गावाला लागून बिरसीचा विमानतळ आहे. इथल्या गावांना विमानाचं अप्रूप कधीच संपलंय. दिवसभर डोक्यावर छोटी विमानं घिरट्या घालत असतात, कुणी मान वर करूनही बघत नाही. पण अंधार पडल्यावर एखादा लुकलुकता दिवा शहराचे दिवे सोडून पार जंगलाच्या दिशेने निघून जातो आणि तास-दीड तासाने परत येतो, तेव्हा मात्र प्रश्न पडतो. एवढ्या अंधारात हा गेला कुठे? आणि परत आला कसा?

त्या विमानात बहुतेक वेळा विशीतला एखादा शिकाऊ पायलट असतो. त्याच्यासाठी ही रात्र म्हणजे लायसन्सच्या वाटेवरचा एक टप्पा. विमान हवेत तास-दीड तास असतं, पण त्याची तयारी कितीतरी आधीपासून चाललेली असते, आणि ती बहुतेक सगळी कागदावर, जमिनीवर बसून होते.

बिरसीत हे सगळं आलं कुठून?

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे कित्येक वर्षं ती जवळजवळ पडूनच होती. २००५ नंतर एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाकडे विमानतळ आला आणि दिवस पालटले. तेव्हा नागरी विमान वाहतूक खातं गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होतं, हे वेगळं सांगायला नको. धावपट्टी वाढवली गेली, आणि एअरपोर्ट्स अथॉरिटी व कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून इथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. प्रवासी विमानसेवा इथे उशिराने, २०२२ साली आली. म्हणजे गोंदियाकर तिकीट काढून इथून उडायला लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून देशभरातली पोरं इथे विमान चालवायला शिकत होती.

शिकायला वापरतात ती डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमानं. डीए-४० चार सीटचं आणि एका इंजिनाचं. डीए-४२ दोन इंजिनांचं. रात्रीचा विचार करताना हा एक आणि दोनचा फरक फार मोठा होतो, त्याकडे पुढे येऊच.

रात्री उडायचंच कशाला?

कारण नियमच तसा आहे. भारतात कमर्शियल पायलट लायसन्स हवं असेल तर एकूण २०० तास उड्डाण लागतं. त्यातले किमान ५ तास रात्रीचे, आणि रात्रीची किमान १० टेकऑफ व १० लँडिंग स्वतः प्रमुख पायलट म्हणून केलेली. शिवाय एक परीक्षा असते. रात्री किमान १२० नॉटिकल मैलांचं उड्डाण करायचं, मध्ये कुठेही न उतरता, आणि निघाला त्याच ठिकाणी परत यायचं. १२० नॉटिकल मैल म्हणजे साधारण २२२ किलोमीटर.

गोंदियाहून नागपूर सरळ रेषेत ७४-७५ नॉटिकल मैल आहे. म्हणजे नागपूरच्या डोक्यावरून वळून परत आलं तरी हे अंतर सहज भरतं.

शिकाऊ पायलट सोडून द्या. समजा एखाद्याकडे स्वतःचं छोटं विमान आहे, प्रायव्हेट लायसन्स आहे, आणि त्याला वाटलं की आज रात्री गोंदियाहून छत्रपती संभाजीनगरला जावं. जाता येईल?

इतकं सोपं नाही. बाहेर बघून विमान चालवायच्या पद्धतीला व्हीएफआर म्हणतात. अमेरिकेत रात्रीही व्हीएफआर उडता येतं. भारतात सूर्यास्त ते सूर्योदय या काळात व्हीएफआर उड्डाणाला मनाई आहे. अपवाद आहे तो एटीसीने मोकळीक दिलेल्या विमानतळाजवळच्या उड्डाणांना आणि फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षणाच्या उड्डाणांना. बाकीच्यांनी रात्री लांब जायचं तर आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडायचं. त्यासाठी वेगळं इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, आणि विमानात तशी उपकरणंही लागतात. निघण्याआधी फ्लाइट प्लॅन दाखल करायचा, फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून एफआयसी नंबर घ्यायचा आणि हवाई दलाकडून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा म्हणजे एडीसी नंबर घ्यायचा. हे नंबर नसतील तर तुम्ही रडारवरचा एक अनोळखी ठिपका असता, आणि अनोळखी ठिपका कुणालाच आवडत नाही.

आधी उतरायचं कुठे ते ठरवा, मग निघायचं

रात्रीच्या नियोजनाची सुरुवात टेकऑफपासून होत नाही. ती उतरण्यापासून होते. पोचायचं तिथे उतरता आलं नाही तर कुठे? वाटेत काही झालं तर कुठे?

नकाशा उघडला तर विदर्भात आणि आसपास धावपट्ट्या बऱ्याच दिसतात. दिवसा त्यातल्या कितीतरी कामाच्या असतात. सूर्य मावळला की त्यातल्या बऱ्याचशा नकाशावरून पुसल्यासारख्या होतात, कारण तिथे दिवे नाहीत किंवा दिवे लावायला माणूस नाही. अमेरिकेतल्या अनेक छोट्या विमानतळांवर पायलटने रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबलं की धावपट्टीचे दिवे आपोआप लागतात. आपल्याकडे अशी सोय सहसा नसते, खाली कुणीतरी जागं असावं लागतं. छोट्या विमानतळांवर एटीसीही चोवीस तास नसते. तुम्ही रात्री अकराला पोचणार असाल आणि टॉवर नऊला बंद होत असेल, तर वेळ वाढवून घ्यायची विनंती आधीच करावी लागते. हवेत गेल्यावर फोन करून ‘दादा, जरा थांबा’ म्हणता येत नाही.

गोंदियाभोवती रात्री भरवशाचे म्हणावेत असे मोठे विमानतळ मोजकेच. पश्चिमेला नागपूर सुमारे ७५ नॉटिकल मैल, पूर्वेला रायपूर सुमारे ८५, उत्तरेला जबलपूर सुमारे १००. नोटॅम नावाची सूचनापत्रं रोज निघतात, त्यात कुठली धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, कुठले दिवे बिघडलेत हे लिहिलेलं असतं. ती न वाचता निघणं म्हणजे एसटी स्टँडवर जाऊन मग गाडी रद्द झाल्याचं कळण्यासारखं आहे. फक्त इथे स्टँड हवेत आहे.

नागपूरच्या मध्यरात्री

छोटी-मोठी विमानं रात्री अशी नियोजन करून उडवण्याची या भागाला सवय जुनी आहे. १९४९ च्या जानेवारीअखेर देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगाव विमानतळावर जमायची. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरात परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. सत्तरच्या दशकापर्यंत ही सेवा चालली.

नागपूरच का, तर देशाचा मध्य म्हणून. डाकोटा विमानं, त्यात जीपीएस नाही, आजच्यासारखा रडारचा आधार नाही, रेडिओ आणि घड्याळ यांच्यावर भिस्त. आज डीए-४० च्या काचेच्या पडद्यावर सरकता नकाशा दिसतो. पण हिशेब तोच आहे: वेग, वेळ, वारा आणि इंधन.

इंधनाचं गणित, जरा बसून

आपल्या काल्पनिक प्रवासाचं गणित करून बघू. गोंदिया ते छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत सुमारे २९० नॉटिकल मैल. समजा विमानाचा वेग ११० नॉट आहे आणि तासाला २५ लिटर इंधन लागतं. डीए-४० च्या डिझेल इंजिनाच्या मॉडेलमध्ये साधी टाकी १०६ लिटरच्या आसपास असते, लांब पल्ल्याची १४७ लिटरच्या आसपास.

वारा अजिबात नसेल तर २ तास ३८ मिनिटांत पोचतो. पण तिथे धुकं पडलं आणि उतरता आलं नाही, तर पर्याय म्हणून शिर्डी धरली. शिर्डीला आता रात्रीचं लँडिंग होतं. अंतर सुमारे ५८ नॉटिकल मैल, म्हणजे आणखी ३२ मिनिटं. त्यावर ४५ मिनिटांचं राखीव इंधन, ज्याला हात लावायचा नाही असं धरून चालायचं. दिवसा बाहेर बघून उडताना ३० मिनिटांचं राखीव इंधन चालतं, रात्री ते ४५ होतं. एकूण ३ तास ५५ मिनिटं, म्हणजे जवळपास ९८ लिटर. साधी टाकी पुरली. निघायला हरकत नाही?

आता समोरून २० नॉटचा वारा आहे असं धरा. जमिनीवरचा वेग ९० नॉट. तेच २९० मैल कापायला ३ तास १३ मिनिटं. शिर्डीही पश्चिमेलाच, म्हणून ३९ मिनिटं. अधिक ४५. झाले ४ तास ३७ मिनिटं, म्हणजे ११५ लिटर. टाकी १०६ ची. वर चढताना जास्त जळणारं इंधन आणि जमिनीवर रांगताना जळणारं यात धरलेलंच नाही.

विमान तेच, पायलट तोच, वाट तीच. फक्त वाऱ्यामुळे नागपूरला थांबून इंधन घेतल्याशिवाय जाणं शक्य नाही असं उत्तर आलं. आणि वारा काही विमानतळावर उभं राहून कळत नाही. खाली पान हलत नसतं आणि पाच हजार फुटांवर जोरात वाहत असतो. म्हणून उंचीनुसार वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याकडून घ्यावा लागतो.

अजून एक गंमत. जाऊन-येऊन प्रवास असेल तर बऱ्याच जणांना वाटतं, जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून, म्हणजे हिशेब सारखाच. तसं होत नाही. गोंदिया-नागपूर-गोंदिया वाऱ्याशिवाय साधारण ८१ मिनिटं. २० नॉटच्या वाऱ्यात जाताना ४९ आणि येताना ३४, म्हणजे ८३. दोन मिनिटंच वाढली खरी, पण वारा जितका जास्त आणि अंतर जितकं लांब, तितका हा तोटा फुगत जातो. संथ गतीच्या टप्प्यात विमान जास्त वेळ घालवतं, म्हणून पाठीमागचा वारा सगळी भरपाई करत नाही.

खाली काय आहे, जे दिसत नाही

हा या सगळ्यातला सर्वात गंभीर भाग.

बिरसीच्या प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात गोंदियाकरांना चांगले आठवतात. एप्रिल २०१७ मध्ये गोंदिया-बालाघाट सीमेवर वैनगंगेच्या पात्रात एक विमान कोसळलं. नदीच्या पाण्याचं मोजमाप करण्यासाठी पात्रावर आडवी ताणलेली तार होती, तिच्याशी ते धडकलं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही जीव गेला. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून निघालेलं आणखी एक विमान बालाघाट जिल्ह्यात लांजी-किरणापूर भागातल्या भक्कूटोलाजवळ डोंगराळ जंगलात कोसळलं. त्यातही दोघे गेले.

दोन्ही अपघात दिवसाउजेडी झाले होते. तार दिवसाही दिसत नाही, डोंगर दिवसाही जीव घेतो. मग रात्री?

म्हणून रात्रीचा पहिला नियम उंचीचा. आपल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काही किलोमीटरच्या पट्ट्यात सगळ्यात उंच काय आहे ते नकाशावर शोधायचं, त्यावर किमान १,००० फूट धरायचे, डोंगराळ भागात २,०००. त्याखाली यायचं नाही, जोवर उतरण्यासाठी धावपट्टी समोर दिसत नाही किंवा उपकरणांच्या ठरलेल्या मार्गावर विमान नाही. गोंदियाहून उत्तरेला आणि पूर्वेला निघालं की सातपुडा-मैकलच्या रांगा लागतात. दक्षिणेला नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आणि त्याच्या टेकड्या. त्या मानाने पश्चिमेला, वैनगंगेच्या खोऱ्यातून नागपूरकडे जाणारी वाट सपाट.

सपाट, पण रिकामी नाही. नागपूरची सरळ रेषा जवळजवळ तिरोड्यावरूनच जाते आणि तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. एवढ्या मोठ्या संचांच्या चिमण्या २७५ मीटरपर्यंत उंच असतात, म्हणजे ९०० फूट. चिमणीवर लाल दिवे असतात, त्यामुळे ती उलट खुणेचा दगड म्हणून कामी येते. तिथून निघणाऱ्या ७६५ केव्हीच्या वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांचं तसं नाही. ही लाइन तिरोड्याहून कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरकडे जाते, म्हणजे आपल्या काल्पनिक पायलटच्या सोबतीनेच. सोबत असली तरी तिच्या जवळ जाण्यात शहाणपण नाही.

इंजिन बंद पडलं तर?

दिवसा याचं उत्तर असतं: एखादं शेत बघायचं. डीए-४० इंजिनाशिवाय चांगलं तरंगतं. जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर इंजिन थांबलं तरी साधारण १३-१४ किलोमीटर पुढे जाता येतं.

रात्री ते १४ किलोमीटर कुठे न्यायचे? गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी आणि चिखल, कापणीनंतर कोरड्या पण जागोजागी आडवे बांध. दिवसा एक वेळ मोठी बांधी निवडता येईल, अंधारात सगळं एकच काळं. तलाव मात्र दिसतात, कधी कधी. भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते ढिगाने आहेत. कोजागिरीच्या आसपास चांदण्यात ते चांदीच्या नाण्यांसारखे चमकतात आणि कुठे पाणी, कुठे जमीन हे कळतं. अमावस्येला त्यात तारे उतरतात आणि गावाच्या दिव्यांसारखे वाटतात. म्हणून रात्रीच्या उड्डाणाआधी चंद्र किती वाजता उगवणार आणि कुठल्या तिथीचा, हे बघणारे पायलट असतात. पंचांगाचा असाही उपयोग.

नागपूरच्या पुढे चित्र जरा बरं आहे. छत्रपती संभाजीनगरची सरळ रेषा वर्ध्याच्या उत्तरेकडून, कारंजा, मेहकर असं करत जाते, म्हणजे बराचसा समृद्धी महामार्ग जवळच राहतो. रात्री गाड्यांच्या दिव्यांची ती रेघ वरून लांबवर दिसते. वाट सरळ रेषेत न धरता थोडी वाकडी करून दिव्यांच्या, गावांच्या आणि धावपट्ट्यांच्या जवळ ठेवणं हा जुन्या पायलटांचा सल्ला. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. एका इंजिनाच्या विमानात तर हा सल्ला ऐकावाच. दोन इंजिनांच्या विमानाला निदान दुसऱ्याच्या जोरावर जवळची धावपट्टी गाठायची संधी असते.

वाट वाकवताना एक पथ्य. भंडाऱ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी, पुलगावचा दारूगोळा डेपो, नागपूरचं हवाई दलाचं ठाणं अशी ठिकाणं या पट्ट्यात आहेत. त्यांच्यावरून कुठे बंदी आहे, कुठे उंचीची अट आहे, हे चार्टवर आधी बघून घ्यावं लागतं.

यावर पायलट मंडळींचा एक काळा विनोद आहे. रात्री इंजिन बंद पडलं तर खाली येताना लँडिंग लाइट लावा. समोर जे दिसेल ते आवडलं नाही, तर लाइट बंद करा.

डोळे आणि कान खोटं बोलतात

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो, आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. मोबाइलवर एक रील बघितली की झालं. त्यामुळे कॉकपिटमधले दिवे मंद ठेवतात. अंधुक प्रकाशात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या कडेला असतात, म्हणून अंधारात बारीक दिवा नीट बघायचा तर थेट न बघता किंचित बाजूला बघायचं. टॉर्च दोन ठेवायच्या, कारण एक नेमकी हवी तेव्हाच सीटखाली पडते.

पण जास्त धोका कानाचा. आपला तोल आतल्या कानातल्या द्रवावर चालतो. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेलं तर त्या द्रवाला पत्ताच लागत नाही, माणसाला वाटतं आपण सरळच आहोत. दिवसा डोळा क्षितिज बघून चूक दुरुस्त करतो. नागझिऱ्याच्या जंगलावर अमावस्येच्या रात्री क्षितिजच नसतं. खाली दोन-चार दिवे, वर तारे, मध्ये काहीच नाही.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० पायलटांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत टाकलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी किती वेळात? १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं छोटं विमान १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावर धुरकट हवेत कोसळलं, त्याच्या चौकशीतही दिशाभान हरपणं हेच कारण निघालं. त्यांनाही उपकरणांवर उडायचं रेटिंग मिळालेलं नव्हतं. भारतातला रात्रीच्या व्हीएफआरचा कडक नियम अनेक हौशी पायलटांना जाचक वाटतो. पण हे आकडे बघितले की तो नियम अगदीच वेडेपणाचा वाटत नाही.

उतरताना आणखी एक फसगत होते. आजूबाजूला गडद अंधार आणि मधोमध फक्त धावपट्टीचे दिवे, अशा ठिकाणी पायलटला वाटतं आपण फार उंचावर आहोत. मग तो खाली, आणखी खाली येतो आणि धावपट्टीच्या आधीच जमीन गाठतो. जंगल आणि शेतांनी वेढलेल्या कुठल्याही विमानतळावर हा धोका असतोच. म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते, तिला पापी म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उंची बरोबर. चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर. चारही लाल म्हणजे फार खाली, लगेच सावरा. नाव पापी असलं तरी हिने कितीतरी जीव वाचवलेत.

महिन्याप्रमाणे आकाश बदलतं

हिवाळ्याच्या रात्री इथे हवा स्वच्छ आणि शांत, उडायला छान. मात्र तलाव, नद्या आणि ओली शेतं यांमुळे पहाटेकडे धुकं धरतं. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर दोन-तीन अंशांवर आलं आणि वारा पडला, की धुक्याची शक्यता धरायची. संध्याकाळी आठला निघून दहाला परत येणं आणि पहाटे चारला परत येणं यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहाटे तीन-चारच्या सुमारास माणसाचं डोकंही सगळ्यात मंद चालतं, ते वेगळंच.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवे लागतात. वरून ती आगीची वेडीवाकडी रेघ दिसते आणि धूर खोऱ्यात साचून राहतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचं वादळ. रात्री ढगाचा काळा डोंगर आणि मोकळं काळं आकाश यात फरक कळत नाही, तारे अचानक दिसेनासे झाले की समजायचं पुढे काहीतरी आहे. नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र निघण्याआधी बघावं ते यासाठी. पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: छोट्या विमानाने रात्री लांब जायचे ते दिवस नव्हेत.

आणि ‘आज नाही जायचं’ हे उत्तर जमिनीवर असतानाच द्यावं लागतं. ते अवघड असतं. फी भरलेली असते, तास पूर्ण व्हायचे असतात, बॅचमधला मित्र काल जाऊन आलेला असतो. स्वतःचं विमान असलेल्याला सकाळची मीटिंग असते. म्हणून किती वारा, किती दृश्यमानता, किती झोप याच्या खाली जायचं नाही हे आकडे शांत डोक्याने आधी लिहून ठेवतात आणि त्या रात्री फक्त ते आकडे ताडून बघतात.

खालून बघणाऱ्यांसाठी

पुढच्या वेळी रात्री विमान दिसलं तर त्याचे दिवे नीट बघा. विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते तुमच्याकडे येतंय. फक्त पांढरा दिसला तर लांब चाललंय. पायलटही आकाशात दुसरं विमान कुठे चाललंय हे असंच ओळखतात.

विमान उतरलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पोचल्याची खबर एटीसीपर्यंत गेली पाहिजे. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटं होऊनही विमानाची काहीच खबर नसेल तर पहिला इशारा निघतो, मग चौकशी, मग शोध. विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरला जोराचा धक्का बसला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, उपग्रह तो पकडतो आणि भारतात तो इस्रोच्या बंगळुरूमधल्या केंद्रात पोचतो. कधी कधी कुणीही संकटात नसतं. पायलट नुसता विसरलेला असतो, हॉटेलवर जाऊन झोपलेला असतो, आणि चार गावचे फोन वाजत असतात.